प्रकाशाने प्रकाशावर नियंत्रण: मध्ये धातूचा थर कशासाठी?

किरणवेध (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी ‘प्रकाशाने प्रकाशावर नियंत्रण’ हा विषय निवडला आहे. त्यांना दिशा देण्यापूर्वी माझ्या स्वतःच्या काही शंका येथील जाणकारांसमोर मांडाव्यात असे वाटले.

अरेखीय पदार्थाचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेप्रमाणे बदलतो, त्यामुळे एका शलाकेने त्या पदार्थात घडवलेला बदल दुसऱ्या शलाकेला जाणवतो, इथपर्यंतचे तत्त्व मला स्पष्ट आहे. अडचण पुढे येते. या विषयावरील बऱ्याच लेखनात अरेखीय पदार्थाच्या लगत सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि त्या थरावरील पृष्ठीय प्लाझ्मॉनांमुळे (धातूच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या इलेक्ट्रॉन-प्रकाश तरंगांमुळे) परिणाम अनेक पटींनी वाढतो असे सांगितलेले असते. पण धातू प्रकाश शोषून घेतो. ज्या उपकरणात प्रकाश जपून वापरायचा, त्यात मुद्दाम शोषक पदार्थ आणून ठेवण्यात कोणता लाभ आहे, आणि तो लाभ शोषणाच्या हानीपेक्षा खरोखर मोठा आहे का, हे मला आकड्यांसह समजून घ्यायचे आहे.

दुसरी शंका व्यवहारातली आहे. आमच्या प्रयोगशाळेत ६३३ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर, कोन मोजणारा फिरता मंच, काचेचा लोलक आणि ५३२ नॅनोमीटरचा सुमारे ५० मिलिवॅट शक्तीचा अखंड हिरवा लेसर आहे. काचपट्टीवर चांदीचा ५० नॅनोमीटर जाडीचा थर बाहेरून करून मिळू शकतो. एवढ्या सामग्रीवर हिरव्या प्रकाशाने तांबड्या प्रकाशाचे परावर्तन बदलून दाखवता येईल का? आणि दाखवता आले, तर त्याला प्रकाशाने प्रकाशावर केलेले नियंत्रण म्हणणे कितपत योग्य ठरेल?

तरंगिणी

सर, नमस्कार. आपल्या पहिल्या शंकेतच विषयाचे मर्म आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

निर्वातात प्रकाशाचा प्रकाशावर परिणाम अगदीच नाही असे नाही, पण तो इतका क्षीण आहे की सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील ॲटलास प्रयोगात शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींमधून तो २०१९ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवला गेला. म्हणजे व्यवहारात मध्यस्थ म्हणून पदार्थ लागतोच. पदार्थ किती मदत करतो, ते केर गुणांकावरून, म्हणजे ठरावीक तीव्रतेमागे अपवर्तनांक किती बदलतो त्या आकड्यावरून, समजते. शुद्ध सिलिका काचेचा हा गुणांक सुमारे ३ गुणिले १० चा उणे २० वा घात, चौरस मीटर प्रति वॅट, इतका आहे. अपवर्तनांकात ०.०१ एवढा बदल हवा असेल, तर काचेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० टेरावॅट तीव्रता द्यावी लागेल. १०० फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) स्पंदासाठीसुद्धा ही तीव्रता काचेला इजा होण्याच्या पातळीवरची आहे. पॉलिडायॲसिटिलीनसारख्या संयुग्मित बहुवारिकांत (पॉलिमरांत) हा गुणांक १० चा उणे १६ वा घात या कोटीपर्यंत जातो, म्हणजे काचेच्या काही हजार पट. तरीही लागणारी तीव्रता मोठीच राहते.

आता धातूकडे येऊ. १९०२ मध्ये रॉबर्ट वुड यांना धातूच्या विवर्तन जाळीवरून परावर्तित झालेल्या वर्णपटात अनपेक्षित काळे पट्टे दिसले होते. त्यांचा धातूच्या पृष्ठभागावरील तरंगांशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला अनेक दशके जावी लागली. रुफस रिची यांनी १९५७ मध्ये पातळ धातुपत्र्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जाहानीच्या संदर्भात पृष्ठीय प्लाझ्मॉनांचे गणित मांडले. १९६८ मध्ये ओट्टो यांनी, आणि स्वतंत्रपणे क्रेट्श्मन व रेटर यांनी, लोलक वापरून प्रकाशाने हे तरंग उत्पन्न करण्याच्या पद्धती दिल्या. आपल्या प्रयोगशाळेत जी मांडणी शक्य आहे ती क्रेट्श्मन यांचीच.

पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणजे धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांचे दोलन आणि त्याला जखडलेले विद्युतचुंबकीय क्षेत्र यांचा एकत्रित तरंग. तो पृष्ठभागाला धरून धावतो. त्याचे क्षेत्र धातूत वीस-तीस नॅनोमीटर आणि बाहेरच्या माध्यमात काहीशे नॅनोमीटर खोलवर क्षीण होत जाते. त्याचा संवेग त्याच वारंवारतेच्या हवेतील प्रकाशापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून हवेतून थेट टाकलेला प्रकाश त्याच्याशी जुळत नाही. काचेच्या आतून पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या कोनापलीकडे टाकलेला, आपाती प्रतलात ध्रुवीभूत प्रकाश मात्र जुळतो. चांदी-हवा सीमेसाठी ६३३ नॅनोमीटरला साध्या काचेच्या लोलकात हा कोन सुमारे ४३ अंश येतो, सोन्यासाठी सुमारे ४४ अंश. त्या कोनाला परावर्तित प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो.

तो नाहीसा का होतो, हे विद्यार्थिनींनी नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या शंकेचे उत्तर तिथेच आहे. प्लाझ्मॉनाची ऊर्जा दोन वाटांनी जाते: धातूत शोषली जाते आणि पातळ थरातून मागे लोलकात गळते. थराची जाडी सुमारे ५० नॅनोमीटर असते तेव्हा या दोन्ही वाटांचा वेग सारखा होतो. मागे गळलेला प्रकाश आणि पृष्ठभागावरून सरळ परावर्तित झालेला प्रकाश विरुद्ध कलेत (एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) येऊन एकमेकांना रद्द करतात. आलेली सगळी ऊर्जा पृष्ठभागालगतच्या अरुंद पट्ट्यात साठते आणि शेवटी धातूतच जिरते. ही साठवण ज्या प्रमाणात होते त्या प्रमाणात तेथील क्षेत्राची तीव्रता आपाती तीव्रतेच्या वर चढते. चांगल्या चांदीवर हवेच्या बाजूला ही वाढ शंभर पटींच्या घरात असते, सोन्यावर ती बरीच कमी. केर परिणाम तीव्रतेच्या प्रमाणात असल्यामुळे पृष्ठभागावर अरेखीय पदार्थाचा लेप दिला की त्याला ही वाढलेली तीव्रता मिळते.

यात दुसराही लाभ आहे आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. कोन बदलत परावर्तन मोजले तर त्या कोनाजवळ आलेखात दरी पडते, आणि ती दरी अरुंद असते. तिच्या उतारावर कोन स्थिर ठेवला, तर अपवर्तनांकातील लहान बदलाने परावर्तनात मोठा बदल होतो. जैवरसायनशास्त्रात हेच तत्त्व वापरणारी उपकरणे अपवर्तनांकातील दहा लाखांत एक भागाइतका बदल ओळखतात. थोडक्यात, एकच धातूचा थर नियंत्रक शलाकेची तीव्रता वाढवतो आणि नियंत्रित शलाकेची संवेदनक्षमताही वाढवतो.

मोजमाप

तरंगिणी यांचे विवेचन अतिशय नेमके आहे. त्यात फक्त एका गोष्टीची भर घालतो: हवेच्या बाजूचे आकडे बहुवारिकाचा लेप दिल्यावर तसेच राहत नाहीत. सरांनी आकडे मागितले आहेत, म्हणून पूर्ण गणित मांडतो. विद्यार्थिनींनी ते स्वतः पुन्हा करून पाहावे.

६३३ नॅनोमीटरला चांदीच्या विद्युतपारगम्यतेचा (विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या राशीचा) वास्तव भाग सुमारे उणे १८ आणि काल्पनिक भाग सुमारे ०.५ धरू. हवेशी असलेल्या सीमेवर प्लाझ्मॉनाचा परिणामी अपवर्तनांक (निर्वातातील प्रकाशाच्या तुलनेत त्याचा संवेग किती पट ते) १.०३ येतो आणि त्याची ऊर्जा सुमारे ६० मायक्रोमीटर अंतरात मूळच्या एक-तृतीयांशाच्या आसपास येते. आता हवेच्या जागी १.५ अपवर्तनांकाचा जाड बहुवारिक थर आणा. परिणामी अपवर्तनांक १.६० होतो आणि प्लाझ्मॉनाची धाव जेमतेम १६ मायक्रोमीटर उरते. म्हणजे ज्या पदार्थासाठी ही सारी खटपट केली, त्याच्या नुसत्या उपस्थितीने शोषण जवळपास चौपट झाले. शिवाय १.६० हा आकडा साध्या काचेच्या १.५१ च्या वर असल्यामुळे साधा लोलक उपयोगी पडत नाही. १.७८ अपवर्तनांकाच्या जड फ्लिंट काचेचा लोलक घेतला तर अनुनाद सुमारे ६४ अंशांना मिळतो.

दरीची रुंदी परिणामी अपवर्तनांकाच्या भाषेत आता साधारण ०.०१३ आहे. दरी आपल्या रुंदीइतकी सरकली तरच ‘बंद’ आणि ‘चालू’ या दोन अवस्था स्पष्ट वेगळ्या होतील. बहुवारिकाच्या अपवर्तनांकातील बदल परिणामी अपवर्तनांकात १.२ पट होऊन उतरतो, म्हणून आपल्याला ०.०१ एवढा बदल हवा. केर गुणांक १० चा उणे १६ वा घात धरला (या तरंगलांबीसाठी हे उदार गृहीतक आहे), तर बहुवारिकाच्या आत दर चौरस सेंटिमीटरला १० गिगावॅट तीव्रता लागते. क्षेत्रवृद्धी तीस पट धरली तर बाहेरून त्याचा तिसावा हिस्सा पुरतो. प्रकाशाचा ठिपका प्लाझ्मॉनाच्या धावेपेक्षा मोठा हवा, नाहीतर अनुनाद नीट उभाच राहत नाही, म्हणून तो ३० मायक्रोमीटर बाजूचा घेऊ. शिखरशक्ती सुमारे ३ किलोवॅट, आणि स्पंद १०० फेम्टोसेकंदांचा असेल तर ऊर्जा ०.३ नॅनोज्यूल.

हा आकडा दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. टायटॅनियम-सफायर लेसरच्या एका स्पंदात काही नॅनोज्यूल ऊर्जा सहज असते, म्हणून प्रयोगशाळेत हे साध्य आहे. प्लाझ्मॉन नसता तर तीस पट जास्त ऊर्जा लागली असती, शिवाय इतक्या पातळ थरातून परिणाम मोजताही आला नसता. पण आजच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरला अवस्था बदलायला एक फेम्टोज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, आणि ०.३ नॅनोज्यूल म्हणजे एका फेम्टोज्यूलच्या तीन लाख पट.

सर, आपण लाभ आणि हानी यांची तुलना विचारली होती. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी वेगळ्या काढून तराजूत घालताच येत नाहीत. क्षेत्र धातूच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते म्हणून वाढते आणि घट्ट चिकटते म्हणूनच शोषले जाते. दोन मार्गांच्या व्यतिकरणावर चालणारा स्विच करायचा म्हटले तर प्लाझ्मॉनाच्या कलेत अर्ध्या आवर्तनाचा फरक पाडावा लागेल. परिणामी अपवर्तनांकातील ०.०१ बदलाने त्यासाठी ३० मायक्रोमीटरहून थोडे अधिक अंतर लागते, आणि १६ मायक्रोमीटर धावणाऱ्या तरंगाच्या दृष्टीने ते दुप्पट लांब आहे. एवढ्या अंतरानंतर मूळ ऊर्जेचा सातवा-आठवा हिस्साच शिल्लक राहतो. म्हणून प्लाझ्मॉनांवर आधारलेल्या बहुतेक प्रयोगांनी कला बदलण्याऐवजी अनुनाद सरकवण्याची वाट धरली आहे.

किरणवेध

तरंगिणी आणि मोजमाप, आपण दोघांनी एवढा वेळ देऊन इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. दोन्ही उत्तरे मी विद्यार्थिनींना वाचायला दिली.

आता माझी दुसरी शंका अधिक धारदार झाली आहे. आपल्या गणितात किलोवॅटची शिखरशक्ती आहे आणि आमच्याकडे ५० मिलिवॅटचा अखंड लेसर आहे. तरीही कमी शक्तीच्या अखंड लेसरने असा परिणाम दिसल्याची वर्णने वाचनात येतात, आणि विद्यार्थिनींनी रंगद्रव्य मिसळलेल्या बहुवारिकाचा लेप देऊन प्रयोग केला तर परावर्तन बदललेले दिसेल अशी मलाही अपेक्षा आहे. तो बदल नक्की कशाचा असेल?

उष्मागतिक

सर, तो बदल बहुधा उष्णतेचा असेल. हे मी ठामपणे लिहितो आहे, कारण या क्षेत्रात केर परिणाम आणि तापमानाचा परिणाम यांची गल्लत हा सर्वांत मोठा धोका आहे आणि प्रकल्पाची किंमत ती गल्लत टाळण्यावरच ठरणार आहे.

आपल्या आकड्यांवरच बोलू. ५० मिलिवॅट शक्ती ३० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात एकवटली, आणि हिरव्या प्रकाशालाही तीसपट क्षेत्रवृद्धी मिळते असे क्षणभर मानले, तरी केर परिणामाने अपवर्तनांकात होणारा बदल दहा कोटींत १५ भाग एवढाच येतो. तरंगिणी यांनी सांगितलेल्या जैवसंवेदक उपकरणांनाही तो दिसणार नाही. उलट बहुवारिकांचा अपवर्तनांक तापमान एक केल्विनने वाढले की साधारण दहा हजारांत एक भागाने कमी होतो. चांदी आणि रंगद्रव्य मिळून काही मिलिवॅट शोषतील आणि एवढ्या लहान ठिपक्यात तापमान १०–२० केल्विनने सहज चढेल. म्हणजे अपवर्तनांकातील बदल हजारांत एक-दोन भाग, केर परिणामाच्या हजारो पट. परावर्तन बदललेले नक्की दिसेल, आणि फार सुंदर दिसेल.

मोजमाप यांच्या फेम्टोसेकंद गणितालाही हीच तपासणी लावतो. ०.३ नॅनोज्यूलचा एक स्पंद पूर्ण शोषला गेला तरी तेवढ्या ठिपक्यातील चांदीचा थर अडीच-तीन केल्विनने तापतो. तेथे केर परिणाम स्पष्टपणे वरचढ ठरतो. पण हाच स्पंद सेकंदाला ८ कोटी वेळा दिला, तर सरासरी शक्ती २४ मिलिवॅट होते, दोन स्पंदांमध्ये उष्णता निघून जायला अवसर मिळत नाही आणि तापमान शंभर केल्विनच्या वर चढू शकते. म्हणून असे प्रयोग करताना स्पंदांची पुनरावृत्ती कमी करावी लागते.

हा भेद ओळखायचा कसा? सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कालावधी. काचेवरील ३० मायक्रोमीटरचा ठिपका निवायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. हिरव्या लेसरपुढे फिरती चकती ठेवून तो सेकंदाला दहा वेळांपासून काही हजार वेळांपर्यंत खंडित करा आणि तांबड्या प्रकाशातील बदल लॉक-इन ॲम्प्लिफायरने (ठरावीक वारंवारतेचाच संकेत टिपणाऱ्या उपकरणाने) मोजा. खंडनाची वारंवारता वाढवत नेताना संकेत उतरू लागला, तर ती उष्णता समजावी. केर परिणामाला एवढ्या संथ खंडनाने काहीच फरक पडत नाही. दुसरी खूण म्हणजे दरी सरकण्याची दिशा. तापलेल्या बहुवारिकाचा अपवर्तनांक घटतो म्हणून दरी लहान कोनाकडे सरकते, तर धन केर गुणांकाच्या पदार्थात ती मोठ्या कोनाकडे सरकली पाहिजे. म्हणूनच एकाच कोनाला परावर्तन मोजून थांबू नये. पूर्ण दरी हिरव्या प्रकाशासह आणि त्याच्याविना, दोन्ही वेळा नोंदवावी.

अवस्थांचा मागचा-पुढचा फास, म्हणजे शक्ती वाढवताना एक वक्र आणि कमी करताना दुसरा, असे दिसले तरी लगेच हुरळून जाऊ नये. तापमानामुळेही तशी द्विस्थिरता, म्हणजे एकाच शक्तीला दोन स्थिर अवस्था, येते.

आता थोडे सकारात्मक. आपल्या सामग्रीवर खरोखर प्रकाशामुळेच होणारा, उष्णतेवर अवलंबून नसलेला परिणाम दाखवायचा असेल तर ॲझो रंगद्रव्य निवडा. डिस्पर्स रेड १ हे रंगद्रव्य ॲक्रिलिक बहुवारिकात मिसळून चांदीवर तीसेक नॅनोमीटरचा लेप द्या. इतक्या पातळ लेपाला साध्या काचेचा लोलकही चालतो, कारण प्लाझ्मॉनाचे बरेचसे क्षेत्र हवेतच राहते. हिरवा प्रकाश शोषला की या रेणूंचा आकार बदलतो, आणि प्रकाश ध्रुवीभूत असेल तर वारंवार आकार बदलता बदलता ते त्याच्या विद्युतक्षेत्राला काटकोनात वळू लागतात. त्यामुळे अपवर्तनांक दिशेप्रमाणे बदलतो. ही क्रिया संथ आहे, सेकंदांच्या मापात चालते, पण मिलिवॅट शक्तीला पुरेशी मोठी असते. हिरव्या लेसरचे ध्रुवीकरण ९० अंशांनी फिरवून पाहा: लंब आपातनाला उष्णतेला त्याचे काही देणेघेणे नसते, रेणूंच्या मांडणीला मात्र असते. दोन ध्रुवीकरणांतील संकेतांची वजाबाकी हे प्रकल्पाचे मुख्य फलित ठेवता येईल.

ध्रुवपद

प्रायोगिक बाजू वर भक्कमपणे आलेली आहे. मी या कल्पनेचा प्रवास आणि आजची स्थिती यांविषयी थोडे लिहितो, कारण प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ते लागेल.

अरेखीय प्रकाशिकीचा आरंभ मैमन यांच्या १९६० च्या लेसरनंतर लगेच झाला. १९६१ मध्ये फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवून ३४७ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवला. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत गिब्ज, मॅकॉल आणि वेंकटेशन यांनी सोडियमच्या वाफेत प्रकाशीय द्विस्थिरता दाखवली आणि प्रकाशावर चालणाऱ्या संगणकाची स्वप्ने सुरू झाली. पृष्ठीय प्लाझ्मॉनांच्या साहाय्याने ही द्विस्थिरता मिळवण्याचा सैद्धांतिक प्रस्ताव वायसिन, सायमन आणि डेक यांनी १९८१ मध्ये मांडला. आपल्याकडचे काम येथे आवर्जून नोंदवावे असे आहे: हैदराबाद विद्यापीठातील गिरीश अगरवाल आणि शुभाशिष दत्ता गुप्ता यांनी १९८६ मध्ये थरांच्या रचनेतील प्लाझ्मॉनजन्य द्विस्थिरतेचे अचूक गणिती निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थिनींनी सैद्धांतिक भाग करायचा ठरवला तर त्या शोधनिबंधापासून प्रारंभ करणे उत्तम.

दुसरा बहर १९९८ नंतर आला. थॉमस एबेसन आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी दाखवले की चांदीच्या पडद्यावर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान छिद्रांची नियमित जाळी केली, तर ठरावीक तरंगलांब्यांना छिद्रांवर थेट पडणाऱ्या प्रकाशापेक्षाही अधिक प्रकाश पलीकडे जातो. पृष्ठीय प्लाझ्मॉन हे त्याचे कारण मानले गेले. २००२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील इगोर स्मोल्यानिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या पडद्यातील अशा सूक्ष्म छिद्रांवर पॉलिडायॲसिटिलीनचा लेप देऊन एका रंगाच्या प्रकाशाचे पारगमन दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाने बदलून दाखवले. आपला विषय ज्या शब्दांत मांडला जातो, त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत थेट उदाहरण हेच. २००६ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात वुर्ट्झ, पोलार्ड आणि झायाट्स यांनी लेप दिलेल्या प्लाझ्मॉनीय स्फटिकात (धातूवरील नियमित सूक्ष्म रचनेत) द्विस्थिरता नोंदवली. २००७ मध्ये कॅलटेकमध्ये पॅसिफिकी, लेझेक आणि ॲटवॉटर यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम बिंदूंचा (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचा) थर वापरून दृश्य प्रकाशाने अवरक्त प्लाझ्मॉनांचे शोषण बदलले. तिथे बदल अपवर्तनांकाचा नसून शोषणाचा आहे. म्हणून कमी तीव्रता पुरली, पण बिंदूंमधील उत्तेजित इलेक्ट्रॉन खाली येईपर्यंत थांबावे लागल्यामुळे वेग गेला.

वेग हवा असेल तर खुद्द धातूच अरेखीय माध्यम म्हणून वापरता येतो. तीव्र स्पंदाने धातूतील इलेक्ट्रॉन जाळकापेक्षा (धातूच्या अणूंच्या चौकटीपेक्षा) खूप जास्त तापतात आणि एक-दोन पिकोसेकंदांत पुन्हा निवतात. २००९ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने ॲल्युमिनियमवरून धावणाऱ्या प्लाझ्मॉनांचे नियंत्रण फेम्टोसेकंद कालमानात करून दाखवले. उष्मागतिक यांनी उष्णतेचा जो धोका सांगितला तो जाळकाच्या उष्णतेचा; इलेक्ट्रॉनांची उष्णता ही निराळी गोष्ट आहे आणि ती उपयोगी पडते.

मला व्यक्तिशः सर्वांत आशादायक वाटणारे काम धातूच्या काठावरच्या पदार्थांचे आहे. इंडियम टिन ऑक्साइड आपण स्पर्शपडद्यांमुळे ओळखतो. अवरक्तात, सुमारे १.२४ मायक्रोमीटरला, त्याच्या विद्युतपारगम्यतेचा वास्तव भाग शून्याजवळ येतो. २०१६ मध्ये ओटावा विद्यापीठात आलम, डी लिऑन आणि बॉइड यांनी या पट्ट्यात अपवर्तनांकात ०.७२ एवढा बदल मिळवला आणि तो सुमारे ३६० फेम्टोसेकंदांत मावळला. आपण वर ०.०१ साठी झगडत होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. शोषण मात्र तिथेही पाठ सोडत नाही.

एवढे सगळे असूनही प्रकाशीय ट्रान्झिस्टर बाजारात का नाही, हे विद्यार्थिनींना परीक्षक विचारतीलच. स्टॅनफर्डचे डेव्हिड मिलर यांनी २०१० मध्ये त्यासाठीच्या अटी स्पष्ट मांडल्या. एका घटकाच्या निर्गत प्रकाशाने पुढचा घटक चालला पाहिजे, एकाने किमान दोन तरी पुढे चालवले पाहिजेत, वाटेत मलिन झालेला संकेत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा स्वच्छ झाला पाहिजे, पुढून परतलेल्या प्रकाशाने मागच्या घटकात ढवळाढवळ होता कामा नये, आणि सगळे काही एखाद्या नाजूक समायोजनावर अवलंबून असता कामा नये. दरीच्या उतारावर कोन स्थिर ठेवून काम करणे हे शेवटच्या अटीच्या नेमके विरुद्ध आहे, आणि निर्गत प्रकाश शोषणाने क्षीण झालेला असल्यामुळे पहिल्या दोन अटीही अवघड होतात. प्लाझ्मॉन आणि अरेखीय बहुवारिक यांच्या जोडीला ठोस यश मिळाले ते झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गटाने विकसित केलेल्या मॉड्युलेटरांमध्ये (प्रकाशावर संकेत चढवणाऱ्या घटकांमध्ये), जिथे प्लाझ्मॉन अवघी काही मायक्रोमीटर धावतो आणि १०० गिगाहर्ट्झच्याही वर काम चालते. पण तिथे नियंत्रण करते ती वीज, प्रकाश नव्हे.

एक शेवटचा मुद्दा. अरेखीय पदार्थाशिवायही एक शलाका दुसरीचे भवितव्य ठरवू शकते. तरंगलांबीपेक्षा कितीतरी पातळ शोषक थरावर दोन्ही बाजूंनी एकाच लेसरचा प्रकाश टाकला, तर थराच्या जागी स्थिर तरंगाचा निस्पंद बिंदू (जिथे क्षेत्र शून्य) आहे की प्रस्पंद बिंदू (जिथे क्षेत्र सर्वाधिक), यावर प्रकाश आरपार जाईल की शोषला जाईल हे ठरते. साउथॅम्प्टनच्या झांग, मॅकडॉनल्ड आणि झेलुदेव यांनी २०१२ मध्ये हे प्लाझ्मॉनीय धातुरचनेवर दाखवले. इथे धातूचे शोषण हा दोष राहत नाही, तेच काम करते. अडचण एवढीच की दोन्ही शलाका एकाच उगमाच्या आणि कलेने बांधलेल्या असाव्या लागतात.

किरणवेध

आपणा सर्वांचे पुन्हा एकदा आभार. विद्यार्थिनींशी चर्चा करून आम्ही ॲझो रंगद्रव्याचा मार्ग निश्चित केला आहे. प्रथम लेपाविना चांदीची दरी मोजून थराची जाडी आणि विद्युतपारगम्यता काढायची, मग लेप देऊन तीच मोजणी, आणि त्यानंतर हिरवा लेसर दोन्ही ध्रुवीकरणांत व निरनिराळ्या खंडन वारंवारतांना लावायचा, असा क्रम ठरला आहे. चांदी हवेत काळवंडते याची चिंता आहे. थर करून मिळाल्यापासून लेप देईपर्यंत किती अवकाश चालेल?

मोजमाप

सर, शक्य तर त्याच दिवशी लेप द्या. हवेतील गंधकाच्या संयुगांनी पृष्ठभाग बिघडू लागतो आणि दरी आधी रुंद व मग उथळ होते. लेपाविना मोजणी करायचीच आहे, तर एकाच वेळी दोन पट्ट्या करून घ्या: एक लगेच लेपासाठी आणि दुसरी कोऱ्या मोजणीसाठी, तीही त्याच दिवशी. थर काचेला नीट धरावा म्हणून खाली क्रोमियम देतात. तो दिलाच तर एक-दोन नॅनोमीटरपेक्षा जाड नको आणि त्याची जाडी गणितात धरायला विसरू नका, कारण क्रोमियम फार शोषक आहे आणि दरीची रुंदी त्याने जाणवण्याइतकी वाढते.